दगडी कोळसा डायनासोरांचा नाही

'डायनासोर गाडले गेले, त्यांचा कोळसा झाला' हा समज जुना आहे. आधी काळ पाहा. युरोप-अमेरिकेतले दगडी कोळशाचे बरेच मोठे थर सुमारे 36 ते 30 कोटी वर्षांपूर्वीचे. डायनासोर आले साधारण 23 कोटी वर्षांपूर्वी. तो कोळसा मुख्यतः बीजाणूंवर वाढणाऱ्या, बिनबियांच्या झाडांचा: 30 मीटर उंचीचे लेपिडोडेंड्रॉन, झाडाएवढ्या अश्वपुच्छ (हॉर्सटेल) वनस्पती, नेचे. दलदलीत प्राणवायू कमी, म्हणून खोडं पुरती कुजली नाहीत. कार्बन गाडला गेला. हवेतला कार्बन डायऑक्साइड घटला, प्राणवायू वाढला, हवामान थंडावलं. एवढा बदल झाडांनी घडवला! कोळसा झाडांचाच हे पडताळायचं तर त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: बीजाणूंची कवचं दिसतात. चंद्रपूरचा कोळसा मात्र नंतरचा, पर्मियन काळातला (सुमारे 30 ते 25 कोटी वर्षांपूर्वीचा). त्यात ग्लॉसोप्टेरिस या बियांच्या झाडांचा वाटा मोठा. तोही डायनासोरांआधीचाच.