नॅकचा ‘ए’ ग्रेड म्हणजे आर्किटेक्टची नोंदणी नव्हे

बारावीचा निकाल लागला की लातूर-नांदेडकडे मुलांना आर्किटेक्चरला घालणाऱ्या पालकांच्या तोंडी हे हमखास असतं: “कॉलेजला नॅकचा ए ग्रेड आहे, विद्यापीठाची संलग्नता आहे, मग झालं की!”

नाही झालं. नॅक ही कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करून ग्रेड देणारी राष्ट्रीय परिषद; ती अख्खी संस्था जोखते. बी.आर्क.च्या (आर्किटेक्चरच्या) पदवीवर आर्किटेक्ट म्हणून व्यवसाय करता येईल का, हा प्रश्न १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखालच्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा. तिथे पदवीधराची नोंदणी नसेल तर नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावता येत नाही.

कॉलेजच्या मान्यतेसाठी येणारे कौन्सिलचे निरीक्षक चकचकीत रिसेप्शन बघायला येत नाहीत. स्टुडिओ पुरेसे आहेत का, शिकवणारे किती नि कोणत्या पात्रतेचे, मुलांच्या शीट्स आणि मॉडेल्स कशी आहेत, ग्रंथालयात काय आहे, हे तपासतात. (तपासणीपुरते उगवणारे प्राध्यापक हा वेगळाच विषय!)

एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेचा, शिक्काही इथे निर्णायक नाही. आर्किटेक्चरच्या शिक्षणात कौन्सिलचेच निकष चालतील, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलंय. वाद कोल्हापूरच्या कॉलेजचा होता, निकाल मराठवाड्यालाही लागू.

प्रवेशाआधी कौन्सिलच्या वेबसाइटवरच्या यादीत कॉलेजचं नाव, चालू वर्षाची मान्यता आणि मंजूर जागा बघून घ्या.