जन्मपूर्व सुरक्षा-नियोजन

पोटातील बाळाला जन्मानंतर घरात धोका संभवत असेल, तर प्रसूतीपूर्वीच आईवडील, नातेवाईक, रुग्णालय आणि बालसंरक्षण खाते यांनी एकत्र बसून त्याच्या सुरक्षिततेची व्यवस्था ठरवण्याची पद्धत. घरातील मारहाण, व्यसन, गंभीर मानसिक आजार किंवा आधीचे मूल खात्याच्या ताब्यात असणे, ही यामागची नेहमीची कारणे.

इंग्लंडच्या कायद्यात गर्भाला स्वतंत्र व्यक्ती मानले जात नाही. १९८८ मध्ये तेथील अपील न्यायालयाने गर्भाला न्यायालयाच्या पालकत्वाखाली घेण्यास नकार दिला. त्यामुळे जन्म होईपर्यंत बाळासंबंधी सक्तीचा आदेश निघू शकत नाही आणि सारी भिस्त आईच्या विश्वासावर राहते. हा विश्वास मिळवायला महिने लागतात. शेवटच्या आठवड्यात जागे झालेले खाते नियोजन करूच शकत नाही. ते फक्त बाळ उचलून नेऊ शकते.

पश्चिम ऑस्ट्रेलियात अँड्र्यू टर्नेल आणि स्टीव्ह एडवर्ड्स यांनी १९९० च्या दशकात ‘साइन्स ऑफ सेफ्टी’ (सुरक्षिततेच्या खुणा) ही कार्यपद्धती घडवली. पर्थच्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयात तिच्या आधारे गर्भवतींसोबत बैठका घेतल्या गेल्या. काळजी कशाची वाटते, चांगले काय चालले आहे आणि आता काय व्हायला हवे, हे तीन प्रश्न फळ्यावर सर्वांसमोर लिहिले जातात. सुरक्षिततेला शून्य ते दहापैकी किती गुण द्याल, असे आईलाही विचारतात आणि आजीलाही.

चांगली योजना अगदी बारीकसारीक असते. ‘वडील दारू सोडतील’ एवढे लिहून भागत नाही. ते पिऊन आले तर बाळाला कोण उचलणार, कोणाकडे नेणार, रात्री दोन वाजता फोन कोण घेणार, हे नावानिशी ठरावे लागते. म्हणूनच नातेवाईक आणि शेजारी बैठकीला असणे अत्यावश्यक आहे. खात्याचा माणूस रात्री घरात नसतो.

विश्वास न कमावता केलेली कारवाई किती जखमा करते, हे कॅनडात दिसले. आईला न सांगताच तिच्याविषयी प्रसूतिगृहाला इशारा पाठवण्याची तेथे प्रथा होती आणि तिची झळ आदिवासी स्त्रियांना सर्वाधिक बसली. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने ती २०१९ मध्ये, तर ऑन्टारिओ प्रांताने २०२० मध्ये बंद केली. न्यूझीलंडमध्ये २०१९ साली हेस्टिंग्जच्या रुग्णालयातून एका माओरी (तेथील मूळ रहिवासी समाजातील) आईचे नवजात बाळ नेण्याचा प्रयत्न झाला. त्यावरून देशभर संताप उसळला आणि बालसंरक्षण खात्याला अनेक चौकशांना तोंड द्यावे लागले.