दाहक आंत्रविकारातील आहार व रसाहार

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या दोन दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांना मिळून दाहक आंत्रविकार म्हणतात. दवाखान्यात ‘आयबीडी’ हेच नाव चालते. त्यात पाळले जाणारे पथ्यपाणी, विशेषतः फळे, भाज्या व अंकुर यांचे रस पिण्याची प्रथा, हा या नोंदीचा विषय आहे. नावातल्या साधर्म्यामुळे आयबीएसशी (इरिटेबल बाऊल सिंड्रोम) आयबीडीची नेहमी गल्लत होते. आयबीएसमध्ये पोट बिघडते, पण आतड्याला जखमा नसतात. इथे त्या असतात. ‘अमुक सोडले आणि बरा झालो’ अशा पुष्कळशा कहाण्यांमागे ही गल्लत असते.

कोलायटिस मोठ्या आतड्याच्या अस्तरापुरता राहतो आणि गुदाशयापासून वर चढतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, भिंतीच्या पूर्ण जाडीत होऊ शकतो. लहान आतड्याचे शेवटचे टोक ही त्याची आवडती जागा. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी 1932 मध्ये त्याचे वर्णन केले. ब-12 जीवनसत्त्व याच टोकाला शोषले जाते, म्हणून क्रोन्सच्या रुग्णाला खाऊनपिऊनही त्याची उणीव भासू शकते. हे आजार पाश्चात्त्यांचे, ही समजूत भारतात बराच काळ होती. लुधियानाच्या पाहणीत 2003 मध्ये लाखामागे 44.3 जणांना कोलायटिस आढळला तेव्हा तिला धक्का बसला. क्रोन्सची आपल्याकडची अडचण आणखी वेगळी : आतड्याचा क्षयरोग हुबेहूब तसाच दिसतो. निदान पक्के होण्याआधी केलेल्या पथ्याला फारसा अर्थ नसतो.

पातळ आहाराने क्रोन्स शमतो, हे मात्र खरे आहे आणि रसाहाराच्या समर्थकांना तेवढेच ठाऊक असते. लंडनमधील एका चाचणीत 1984 मध्ये तीव्र क्रोन्सच्या रुग्णांना जेवणाऐवजी केवळ द्रवरूप पोषण दिले, तेव्हा त्याचा गुण स्टेरॉइडच्या तोडीचा आला. आज मुलांच्या क्रोन्समध्ये सहा ते आठ आठवडे असा पूर्ण द्रव आहार हा पहिल्या पसंतीचा उपचार मानतात, कारण त्याने वाढ खुंटत नाही. पण हे द्रव म्हणजे प्रथिने, मेद, कर्बोदके, क्षार व जीवनसत्त्वे मापून घातलेले पूर्णान्न. गाजर-बिटाच्या पेल्यात प्रथिने नावापुरतीच, मेद जवळपास नाहीच. शिवाय कोलायटिसमध्ये ही युक्ती चालत नाही. ‘द्रव’ आणि ‘रस’ एकच समजून महिनाभर रसावर राहिलेला रुग्ण आधीच घटलेले वजन आणखी घटवून घेतो.

रसाहाराची परंपरा निसर्गोपचारातून आली. महाराष्ट्रात तिला घराघरांत ओळख मिळाली ती मुख्यतः निसर्गोपचार केंद्रांमुळे. गांधीजींच्या पुढाकाराने 1946 मध्ये उरुळी कांचन येथे सुरू झालेला आश्रम त्यांतला सर्वांत परिचित. अमेरिकेत गार्नेट चेनी या डॉक्टरांनी 1949 मध्ये ताज्या कोबीच्या रसाने जठरातील व्रण लवकर भरतात असे मांडले होते. तो व्रण जठराचा व लहान आतड्याच्या सुरुवातीचा. ‘अल्सर’ हा शब्द सामाईक असल्याने कोबीचा रस पुढे कोलायटिसच्या रुग्णांच्याही माथी मारला गेला.

कोलायटिसवर प्रत्यक्ष तपासलेले रस थोडे आहेत. इस्राएलमध्ये 2002 च्या सुमारास मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात कोलायटिस असलेल्या 23 रुग्णांना महिनाभर रोज 100 मिलिलिटर गव्हांकुराचा रस किंवा तसाच दिसणारा लटका रस दिला. गव्हांकुराच्या गटात रक्तस्राव कमी झाला. लंडनमध्ये 2004 साली 44 जणांवर कोरफडीच्या गराची चाचणी झाली आणि गुण लटक्या औषधापेक्षा सरस आला. इथे एक खोच आहे. पानाच्या सालीखालचा पिवळा चीक रेचक असतो. घरी पान खरवडून काढलेल्या गरात तो उतरला, तर जुलाब वाढतात. दिल्लीच्या एम्समधील शहाळ्याच्या पाण्याची चाचणी कोकणी माणसाला सुखावणारी आहे : सौम्य ते मध्यम कोलायटिसमध्ये नेहमीच्या औषधांच्या जोडीला रोज 400 मिलिलिटर, आठ आठवडे. शहाळेवाल्या गटात 53.1 टक्के रुग्णांची लक्षणे शमली, दुसऱ्या गटात 28.3 टक्के. ‘औषधांच्या जोडीला’ हे शब्द सोडून ही बातमी पुढे पाठवू नये. हे सारे प्रयोग छोटे आहेत. त्यांवरून कुणाची गोळी बंद करता येत नाही.

रस काढताना चोथा जातो, आणि खरा प्रश्न त्या चोथ्याचाच आहे. क्रोन्समध्ये आतडे एखाद्या जागी आवळून अरुंद झाले असेल तर मक्याचे दाणे, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, संत्र्याच्या फोडीवरची साल तिथे अडकू शकते. अशा रुग्णाला गाळलेला रस, सार किंवा कढण सोयीचे पडते. पण आजार शांत असताना आणि वाट मोकळी असताना तोच चोथा हवा असतो : मोठ्या आतड्यातले जिवाणू चोथ्यातल्या तंतूंपासून ब्युटिरेट नावाचे मेदाम्ल तयार करतात आणि अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. पेलाभर रसाला तीन-चार सफरचंदे लागतात. त्यांतली फ्रुक्टोज साखर एकदम आतड्यात उतरली की पाणी ओढून घेते आणि जुलाब लागतात. आंबा, कलिंगड यांचेही तसेच.

पालक-बिटाच्या ‘ग्रीन ज्यूस’चा धोका कमी लोकांना माहीत असतो. लहान आतड्याचे शेवटचे टोक रोगट किंवा काढलेले असेल आणि मोठे आतडे शाबूत असेल, तर न पचलेली चरबी कॅल्शियमला धरून ठेवते. एरवी कॅल्शियमशी बांधले जाऊन शौचावाटे जाणारे ऑक्सलेट (पालेभाज्यांत असणारे एक द्रव्य) मग मोकळे राहून रक्तात शिरते व मूत्रपिंडात खडे होतात. पालक ऑक्सलेटने भरलेला असतो आणि रसाच्या रूपाने त्याची जुडीच्या जुडी पोटात जाते.

रसाबाहेरच्या पथ्यांचे चित्र थोडे बरे आहे. इस्राएलमधील डॉक्टर आरी लेव्हिन यांची क्रोन्ससाठीची वर्ज्य-आहार पद्धती, अर्धवट द्रव पोषणाच्या जोडीने, मुलांत गुणकारी ठरली. धान्ये व साखर वर्ज्य करणाऱ्या कडक पथ्याची भूमध्यसागरी आहाराशी (भाज्या, फळे, कडधान्ये, मासे, ऑलिव्ह तेल) अमेरिकेत क्रोन्सच्या रुग्णांत तुलना झाली. 2021 च्या त्या निष्कर्षात सहा आठवड्यांनी लक्षणे शमलेले रुग्ण 46.5 व 43.5 टक्के, म्हणजे फरक नाहीच. मग सोपा तो बरा. कांदा, लसूण, गहू टाळण्याची मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाची पद्धत गॅस व फुगारा कमी करते, दाह नाही.

मराठी घरात आजार उसळल्यावर मऊ भात, मुगाचे वरण, पेज, उकडलेला बटाटा यांवर येतात. ते ठीकच आहे. ताकाला चरकसंहितेने ग्रहणीत, म्हणजे आयुर्वेदाने वर्णिलेल्या पचनाच्या एका विकारात, श्रेष्ठ ठरवले. ग्रहणी म्हणजे आयबीडी नव्हे, तरी दूध न सोसणाऱ्या अनेकांना ताक सोसते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर रसवंतीचा, बर्फ घातलेला किंवा कापून ठेवलेल्या फळांचा रस टाळावा. ग्रेपफ्रूटचा रस ब्युडेसोनाइड, सायक्लोस्पोरिन या आयबीडीत वापरल्या जाणाऱ्या औषधांची रक्तातली पातळी वाढवतो. आणि सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस घेणाऱ्यांनी आधी कच्ची चकती जिभेला लावून पाहावी. कडू दुधीतील कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्यामुळे भारतात मृत्यू झाले असून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू रस न पिण्याचा इशारा दिला आहे. चकती कडू निघाली तर सगळा दुधी टाकून द्यावा, साखर घालून पिऊ नये.