एका शहरातले अनेक पाऊस : नागरिकांच्या सेन्सर-जाळ्यांची पार्श्वभूमी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्यात साधारण ७३. मधल्या आणि पलीकडच्या उपनगरांत नेमका किती कोसळला, हे ठामपणे सांगेल एवढी मापकं शहरात नव्हती. पुढच्याच वर्षी महापालिकेने ३५ स्वयंचलित केंद्रांचं जाळं उभारलं आणि दर १५ मिनिटांची नोंद मिळू लागली. तो मोठाच पल्ला होता. पण पाणी गल्लीत तुंबतं, आणि गल्लीचं मोजमाप गल्लीतल्याच माणसांनी करावं, ही आजच्या लोकविज्ञान प्रकल्पांमागची कल्पना मला मनापासून पटते.

नोंदी घेण्याची शिस्त या शहराला नवी नाही. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची; १८४० च्या दशकात गणितज्ञ केरूनाना छत्रे तिथे काम करत. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार हे दिसताच, त्यांच्या प्रवाहाने तिथल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडू नयेत म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. यंत्र कुठे बसवलंय त्यावर आकड्याची लायकी ठरते, हे तेव्हाच्या लोकांनी नीट ओळखलं होतं.

बिनतारी सेन्सरचा प्रवास दुसरीकडे सुरू झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात क्रिस पिस्टर यांच्या ‘स्मार्ट डस्ट’ प्रकल्पातून अगदी कमी विजेवर चालणारी, एकमेकांशी बोलणारी छोटी उपकरणं आकाराला आली. २००२ मध्ये ती अमेरिकेतल्या मेन राज्याजवळच्या ग्रेट डक बेटावर समुद्रपक्ष्यांच्या बिळांपाशी ठेवली गेली. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी नाशिकच्या द्राक्षमळ्यात असं जाळं लावून पाहिलं. अडचण पल्ल्याची होती. हे रेडिओ जेमतेम काही डझन मीटरच पोचत, त्यामुळे निरोप एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे असा पुढे सरकवावा लागे.

ती अडचण लोरा या कमी विजेवर लांबवर पोचणाऱ्या रेडिओ तंत्राने दूर केली. ते फ्रान्समधल्या सायक्लिओ या छोट्या कंपनीचं. २०१२ मध्ये सेमटेक या अमेरिकी चिप-कंपनीने ती विकत घेतली. २०१५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये नागरिकांनी मिळून ‘द थिंग्ज नेटवर्क’ हे लोरावर चालणारं खुलं जाळं उभं केलं. लोराचा वेग अगदी मंद, पण चार-दोन आकडेच पाठवायचे असतील तर काही किलोमीटरपर्यंत पोच मिळते. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय खुला झाला तो २००५ मध्येच, महापुराच्या काही महिने आधी.

गच्चीवरचा पर्जन्यमापक उघडून पाहा. नरसाळ्याखाली सी-सॉसारखी छोटी पन्हाळी असते. साधारण ०.२ मिलिमीटर पाऊस साचला की ती कलंडते, चुंबक स्विचवरून सरकतो, एक आकडा वाढतो. बाकी वेळ इलेक्ट्रॉनिक्स झोपलेलं असतं. मधूनच जागं होऊन बेरीज पाठवतं. म्हणून सेल महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं टिकतात. मुंबईत खरा शत्रू म्हणजे कबुतरं. त्यांच्या विष्ठेने नरसाळं तुंबलं की धो-धो पावसातही शून्य दिसतं. ते दर आठवड्याला पुसणारा माणूस सोसायटीत मिळाला तरच त्या नोंदीला अर्थ आहे.

हवेतली धूळ मोजणाऱ्या सेन्सरचं दुखणं वेगळं. स्वस्त सेन्सर लेझरच्या प्रकाशात कण मोजतात आणि दमट हवेत पाणी पिऊन फुगलेले कणही धूळ म्हणून धरतात. त्यामुळे ते आधी सरकारी केंद्राशेजारी ठेवून दोन्ही आकडे ताडून पाहावे लागतात, तेही पावसाळ्यात आणि हिवाळ्यात वेगवेगळे.

आणखी एक गोष्ट बहुतेक आराखड्यांत राहून जाते. सेन्सर सेलवर चालतो, पण सगळे आकडे गोळा करणारा गेटवे इमारतीच्या विजेवर आणि इंटरनेटवर असतो. २००५ च्या त्या रात्री उपनगरांत वीज गेली होती, मोबाईलही बंद पडले होते. म्हणून इथे गेटवेला स्वतःची बॅटरी हवी आणि संपर्क तुटला तरी वाचनं साठवून ठेवणारी मेमरी प्रत्येक सेन्सरमध्येच हवी.