शरीर तिचं, शब्द कुणाचे? सांगली-साताऱ्याच्या कलेतला एक जुना प्रश्न

अत्याचारातून सावरणाऱ्या बायकांनी स्वतःच्या शरीराचं चित्र काढावं, त्यावर नाटक बसवावं, कापडावर टाके घालावेत, असं म्हटलं की 'ही शहरातली फॅडं' हे उत्तर ठरलेलं असतं. यातल्या काही रीती बाहेरून आल्या, हे खरं. पण बाईचं शरीर, तिची इच्छा आणि तिचा नकार हे विषय इथल्या रंगमंचाला शंभर वर्षांहून जुने आहेत. तिच्या वतीने बोलणारे मात्र बहुतेक वेळा दुसरेच होते.

1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा सीताही पुरुषानेच उभी केली. पुढे हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' 1899 मध्ये रंगमंचावर आलं. त्याआधी 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मुलीचं संमतिवय 10 वरून 12 वर गेलं होतं आणि त्यावरून रान उठलं होतं. पैशासाठी म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधली जाणारी शारदा देवलांनी लोकांसमोर आणली, जरठ-कुमारी विवाहाची लाज वाटायला लावली. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण लग्न मोडतं कशामुळे ते बघा: वधू-वर एका गोत्राचे निघतात म्हणून. शारदेला हा नवरा नको आहे हे प्रेक्षकाला कधीच कळलेलं असतं. मांडवात तिच्या नकाराला किंमत नाही, गोत्राला आहे.

तमाशाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव हे लावणीतलं सर्वांत मोठं नाव. त्यांच्या आणि इतर शाहिरांच्या शृंगारिक लावण्यांत बाई उघडपणे मागते, रुसते, तक्रार करते. शब्द मात्र पुरुषाचे. तरीही वाईच्या यमुनाबाई वाईकरांसारखी बैठकीची लावणी गाणारी कलावंत समोर बसली की गणित बदलायचं. बैठकीत एकच ओळ पुन्हापुन्हा घेतात आणि दर वेळी अदा निराळी असते. तीच ओळ एकदा लटक्या रागाने, एकदा खऱ्या संतापाने, एकदा थट्टेने. शब्द शाहिराचे असले तरी त्यांचा अर्थ गाणारीच्या डोळ्यांत आणि हातात असतो. यमुनाबाईंना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. पण ज्या कोल्हाटी समाजातून त्या आल्या, तिथे नाचणाऱ्या मुलीचा 'चिरा उतरवण्या'ची रीत होती, म्हणजे तिच्या शरीराचा पहिला सौदा घरच्यांनी ठरवायचा. कलेत मिळणारी मोकळीक घरात मिळत नसे, हे विसरून लावणीचं नुसतं कौतुक करणं बरोबर नाही. मुंबई प्रांताच्या खेर सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हाही काळजी होती ती प्रेक्षकांच्या नीतीची. नाचणारीच्या संमतीचा प्रश्न कुणाच्या मनात नव्हता.

देवदासींबाबतही तसंच. मुंबई प्रांताचा देवदासी संरक्षण कायदा 1934 चा, कर्नाटकचा 1982 चा, महाराष्ट्राचा नवा कायदा 2005 चा. सांगली जिल्हा कर्नाटकच्या सीमेवरचा. यल्लम्माची भक्ती, चौंडकं आणि जोगत्यांची गाणी इथे घरची. मुलीला देवाला सोडायचं की नाही हे देवीच्या नावाने घरच्यांनी ठरवलं, पुढे सोडणं बंद व्हावं हे सरकारने ठरवलं. जी सोडली गेली तिला विचारलं कुणी?

ते विचारलं गेलं गेल्या तीस-पस्तीस वर्षांत, आणि कलेच्या नव्हे तर एचआयव्हीच्या निमित्ताने. 1992 मध्ये सांगलीत 'संग्राम' संस्थेने वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच सोबत घेऊन निरोध पोचवण्याचं काम सुरू केलं. त्यातून 1996 मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद', म्हणजे 'व्हॅम्प', ही त्या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली. या बायकांनी सुषमा देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली 'माय मदर, द घरवाली, हर मालक, हिज वाइफ' हे नाटक केलं. आई, घरवाली (कोठी चालवणारी), मालक, त्याची बायको: सगळी नाती नावातच मांडलेली. व्यावसायिक नटी नाहीत. जिच्या आयुष्याबद्दल इतरांनी लिहिलं, तीच समोर येऊन बोलते. आमच्या मते सांगलीच्या रंगभूमीवरचं हे वळण शारदेइतकंच मोठं आहे. धंदा म्हणजेच आघात, हे समीकरणही या बायकांना मान्य नाही. पोलिसांची मारहाण, गिऱ्हाइकाची जबरदस्ती, लहानपणी झालेला अत्याचार हे आघात. प्रत्येकीच्या बाबतीत वेगळे. काम करणाऱ्याने हे आधीच ठरवून जाऊ नये.

आता बाहेरून आलेल्या रीतींकडे. 'बॉडी मॅप', म्हणजे अंगाचा नकाशा, ही पद्धत 2002 च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीत रुजली. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांनी कलाकार जेन सॉलोमन यांच्यासोबत स्वतःच्या देहाची माणसाएवढी चित्रं काढली. काय दुखतं, कुठून बळ येतं, औषधाने काय बदललं हे त्यावर रंगवलं. आपल्याकडे ही पद्धत हाताळताना जे बिघडतं ते बहुतेक पहिल्या तासातच बिघडतं, म्हणून जरा तपशिलात.

गट 10-12 जणींचा, चालवणाऱ्या दोघी. एकीचं लक्ष कामावर, दुसरीचं चेहऱ्यांवर. कुणी उठून बाहेर गेली तर तिच्यामागे जायला कुणीतरी मोकळं हवं. अख्खा बचत गट उचलून आणू नका. सोयीचं वाटतं, पण एका वाडीतल्या, एका भावकीतल्या बायका एकत्र असल्या की संध्याकाळपर्यंत गोष्ट सासूच्या कानावर जाते. ग्रामपंचायतीचा हॉल घेतला तर खिडक्यांना पडदे हवेत आणि दाराची कडी आतून. कडी असावी, कुलूप नको, कारण बाहेर पडता येतं हे दिसलं पाहिजे.

खाकी कागदाच्या रुंद पट्ट्या जोडून साधारण एक मीटर बाय दोन मीटरचा ताव करतात. नेहमीची रीत अशी की एकीने झोपायचं आणि दुसरीने कडेने पेन फिरवायचा. अत्याचार झालेल्या बाईला उताणं झोपवून वर कुणी वाकणं हीच खरी अडचण. अंग आखडतं, श्वास अडकतो आणि सत्र तिथेच संपतं. पर्याय सोपे आहेत. कागद भिंतीला लावून तिने उभं राहायचं. किंवा दिव्याने भिंतीवर पडलेली सावली गिरवायची. किंवा आधी कापून ठेवलेला बाह्याकार घ्यायचा. मांड्यांच्या आतल्या बाजूची रेघ तिने स्वतः नंतर काढायची, दुसरीने नाही. पहिल्या दिवशी बाह्याकार न काढलेलाच बरा. हात, तळवे, पावलं एवढंच गिरवावं.

रंगवताना 'काय झालं?' हा प्रश्न विचारायचा नाही. विचारायचं ते असं: कुठे गरम लागतं, कुठे मुंग्या येतात, हात कुठे ठेवला की बरं वाटतं. सुरुवात बळाच्या जागांपासून करायची: भाकरी थापणारे हात, चालणारे पाय. दुखऱ्या जागांना दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात जावं, तेही तिला जायचं असेल तर. सुखाची जागाही कागदावर यायला हरकत नसते. शरीराला फक्त जखमच असते असं वागलं की बाई पुन्हा जखमेपुरतीच उरते. शेवटची वीस मिनिटं रंग बाजूला ठेवून चहा, ओवी, थट्टा. हे वगळलं तर ती उघडी पडलेली अवस्था घेऊन एसटीत बसते.

ज्यांना चित्र जमत नाही असं वाटतं, त्यांच्यासाठी वाकळ, म्हणजे गोधडी, उत्तम. अमेरिकेत 1990 मध्ये हायनिस इथे बायकांनी अत्याचाराच्या आठवणी रंगवलेले 31 शर्ट दोरीवर टांगले, ते 'क्लोथ्सलाइन प्रोजेक्ट' म्हणून जगभर गेलं. आपल्याकडे कापडावर बोलायला शर्टाची गरज नाही. जुन्या लुगड्यांचे तीन-चार थर, वर हातभर लांबी-रुंदीचा तुकडा, साधा धावदोरा. थर वाढवले तर सुई अडते, बोटं सोलतात आणि बायका कंटाळतात. टाके घालताना नजर खाली असते, हात एका लयीत चालतात. समोरच्या डोळ्यांत न बघता बोलता येतं. अत्याचाराच्या वेळचे खरे कपडे मात्र वाकळीत कधीही घेऊ नयेत. तक्रार झाली असेल किंवा होणार असेल तर तो पुरावा असतो. तो न धुता, कागदी पिशवीत ठेवावा; प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि तपासणीला काही उरत नाही. अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठात 2014 मध्ये भरलेल्या 'तू काय घातलं होतंस?' या प्रदर्शनातही कपडे वर्णनावरून जुळवलेले होते, मूळचे नव्हते.

नाटक बसवताना सर्वांत मोठी चूक म्हणजे जिची गोष्ट तिलाच तो प्रसंग करायला लावणं. तालमी म्हणजे तोच प्रसंग वीसदा. तीन-चार जणींच्या अनुभवांतून एक वेगळीच बाई तयार करावी, गाव बदलावं, आणि ती भूमिका जिच्या आयुष्यात तो प्रसंग घडलेला नाही अशीने करावी. गोष्ट देणारीने हवं तर सूत्रधार व्हावं. कुठे थांबायचं हे ती सांगते.

मग प्रदर्शन. संमती एकदाच आणि सगळ्याची घेऊ नये. गटात दाखवणं, गावात दाखवणं, फोटो काढणं, मोबाइलवर टाकणं, या चार वेगळ्या संमती; प्रत्येक कधीही मागे घेता येते. चित्राचा मालकी हक्क तिचा, संस्थेचा नाही. घरी नेणं धोक्याचं असेल तर गुंडाळी करून, नावाऐवजी खूण घालून संस्थेने सांभाळावी, आणि कृष्णेकाठच्या गावात पुरामुळे ती तळमजल्यावर ठेवू नये.

कायद्याचं भान सुरुवातीलाच हवं. बलात्कारित व्यक्तीची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे. सज्ञान बाईने स्वतः लेखी परवानगी दिली तरच नाव येऊ शकतं. टोपणनाव दिलं पण वाडी, शाळा किंवा नवऱ्याचं दुकान चित्रात ओळखू आलं, तर ओळख उघड झालीच. 18 वर्षांखालील मुलीवर अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. म्हणून 'इथलं बोलणं इथेच राहील' असं सरसकट वचन द्यायचं नाही. हा अपवाद पहिल्याच बैठकीत, कुणी काही सांगण्याआधी, स्पष्ट शब्दांत सांगायचा. भिंतीवर महिला हेल्पलाइनचा 181 आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा 14416 हे दोन क्रमांक लावलेले असावेत, तेही दाराजवळ, बाहेर पडता पडता टिपून घेता येतील असे.