ग्रीझर्स पॅलेस

ग्रीझर्स पॅलेस : येशू ख्रिस्ताच्या चरित्राला अमेरिकी वेस्टर्न पटाचा (काउबॉयपटाचा) वेश चढवणारा उपहासपट (१९७२). लेखन-दिग्दर्शन रॉबर्ट डाउनी (थोरले), निर्मिती सायमा रुबिन, संगीत जॅक निची. लांबी दीड तासाच्या आसपास. चित्रीकरण न्यू मेक्सिको राज्यात झाले.

एका ओसाड वस्तीवर सीवीडहेड ग्रीझर (अभिनेता ॲल्बर्ट हेंडरसन) याची सत्ता आहे. त्याला जुनाट बद्धकोष्ठाचा त्रास आहे आणि गावाचा कारभार बऱ्याच अंशी त्या त्रासाच्या तालावर चालतो. या वस्तीत जेसी (ॲलन आर्बस), म्हणजे या कथेतला येशू, पॅराशूटने उतरतो. अंगात १९४०च्या दशकातला झूट सूट म्हणजे लांब कोट व ढगळ विजार, डोक्यावर रुंद काठाची टोपी. त्याला जेरुसलेमला जाऊन नट, गायक आणि नर्तक व्हायचे आहे. वाटेत तो मेलेल्याला उठवतो, पाण्यावरून चालतो, आजाऱ्यांना बरे करतो. ‘जाणवले की बरे झालात’ अशा अर्थाचे, इंग्रजीत यमक जुळणारे वाक्य हा त्याचा मंत्र.

शुभवर्तमानातले (बायबलातल्या येशूचरित्रातले) प्रसंग इथे ओळखीचे असतात, पण त्यांचा परिणाम उलटा होतो. ग्रीझरचा मुलगा लॅमी हा या कथेतला लाजर, म्हणजे येशूने मेलेल्यातून उठवलेला माणूस. त्याला बाप पुन्हा पुन्हा ठार करतो आणि जेसी पुन्हा पुन्हा उठवतो. त्यामुळे पुनरुत्थान हा चमत्कार न राहता कंटाळवाणे नित्यकर्म होऊन बसते. परलोकात काय पाहिले, याचे लॅमीने केलेले वर्णन (इंद्रधनुष्यात लाखो बाळांबरोबर पोहणे आणि अखेर स्वतःच एक निर्दोष स्मित होऊन जाणे) हा संहितेतला सर्वांत सुंदर भाग आहे. तिथे टवाळी क्षणभर थांबते. ख्रिस्ती त्रैक्यातला पवित्र आत्मा पांढरी चादर पांघरून फिरतो. कुटुंब गमावून वाळवंटातून सरपटत जाणारी, जवळजवळ अबोल स्त्री (एल्सी डाउनी, दिग्दर्शकाची तेव्हाची पत्नी) ही बायबलातल्या ईयोबाची, म्हणजे सर्वस्व गमावून हाल सोसणाऱ्या भक्ताची, आठवण करून देते. जेसीचे चमत्कार एकीकडे आणि तिचे हाल दुसरीकडे, असे दोन धागे चित्रपटभर समांतर चालतात. हशाच्या मध्येच तिची दृश्ये येतात व प्रेक्षकाला अवघडून टाकतात, ते हेतुपुरस्सर आहे.

उपहासाचा गाभा ग्रीझरच्या ‘पॅलेस’मध्ये, म्हणजे त्याच्या सलूनमध्ये (दारूच्या गुत्त्यात) आहे. जेसी तिथे नाचगाणे सादर करतो आणि शेवटी तळहातांवरच्या रक्तबंबाळ जखमा दाखवतो. तेव्हा कुठे गर्दी वेडी होते. इथे क्रम मुद्दाम फिरवला आहे. शुभवर्तमानात जखमा क्रुसावर होतात. इथे त्या क्रुसाआधीच, टाळ्या घेण्यासाठी प्रकटतात. १९७१ साली न्यू यॉर्कच्या रंगभूमीवर येशूवरची दोन संगीत नाटके गाजत होती. डाउनी त्यांच्या पुढे जाऊन विचारतो की, प्रेक्षकाला गाणे हवे आहे की रक्त?

स्थळाची निवडही याच थट्टेचा भाग मानावी. १९६५च्या ‘द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड’ या भव्य ख्रिस्तपटासाठी हॉलिवूडने सुमारे २ कोटी डॉलर खर्चून पॅलेस्टाइन उभे केले ते अमेरिकेच्याच नैर्ऋत्येकडील वाळवंटात, आणि रोमन शताधिपतीच्या भूमिकेत काउबॉय म्हणून प्रसिद्ध असलेला जॉन वेन होता. डाउनीने ते सोंग काढून टाकले. वाळवंट अमेरिकी दिसते, तर कथाही तिथेच घडू द्यावी. पैसे वाचतात आणि विनोदही आयता मिळतो.

या चित्रपटाचा खर्च साधारण १० लाख डॉलर सांगितला जातो. त्याच वर्षीच्या ‘द गॉडफादर’ला ६० लाखांहून अधिक लागले होते; त्या मानाने ही रक्कम किरकोळ, पण डाउनीच्या आधीच्या कामापुढे चैनच. ‘चेफ्ड एल्बोज’ (१९६६) त्याने बहुतांशी स्थिरचित्रे जोडून उरकला होता, आणि त्यातल्या सगळ्या स्त्रीभूमिका एल्सीनेच केल्या होत्या. ‘ग्रीझर्स पॅलेस’मध्ये पैसा दिसतो तो मुख्यतः मोकळ्या क्षितिजाच्या लांब, स्थिर चौकटींत. त्याची किंमत गतीने मोजावी लागली. विनोद झाल्यावरही कॅमेरा तिथेच रेंगाळतो, काही प्रसंग एकमेकांना न जोडताच संपतात. बायबलची जुजबी ओळख नसलेल्या प्रेक्षकाला निम्मे संदर्भ कळत नाहीत, तर वेस्टर्नच्या अपेक्षेने आलेल्याला हाती फारसे काही लागत नाही. काही विनोद, विशेषतः समलिंगी व मूलनिवासी पात्रांवरचे, आज नुसतेच ओबडधोबड वाटतात. खुद्द शीर्षकातला ‘ग्रीझर’ हा शब्दही मेक्सिकन लोकांसाठीची जुनी शिवी आहे.

नटसंच मात्र मागे वळून पाहताना चकित करतो. हर्वे व्हिलशेझ दोनच वर्षांनी जेम्स बाँडपटात खलनायकाचा साथीदार झाला आणि पुढे ‘फँटसी आयलंड’ या मालिकेने घरोघरी पोहोचला. टोनी बेझिलचे ‘मिकी’ हे गाणे १९८२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. आर्बस ‘मॅश’ मालिकेतला मानसोपचारतज्ज्ञ म्हणून ओळखला जाऊ लागला. एल्सीच्या पात्राच्या लहान मुलाचे काम तिच्या खऱ्या मुलाने, धाकट्या रॉबर्ट डाउनीने केले आहे. १९६५ साली जन्मलेला हा मुलगा पुढे ‘आयर्न मॅन’ (२००८) झाला आणि २०२४ मध्ये ऑस्कर विजेता. केवळ त्याच्यासाठी चित्रपट लावणाऱ्याने घाई करू नये आणि आशाही धरू नये: भूमिका अगदी छोटी आहे, आणि त्या मुलाचा गळा चिरला जातो.