नवमीचं मटण आणि बसलेले घट

नागपूरच्या महाल भागातल्या ओळखीच्या एका घरी नवरात्रात घट बसतात. नऊ दिवस उपास, कांदा-लसूण बंद. सून धंतोलीच्या बंगाली कुटुंबातली. तिच्या माहेरी नवमी म्हणजे हमखास मटणाचं जेवण. लग्नानंतरच्या पहिल्याच नवरात्रात तिने सहज विषय काढला, तर सासूबाई म्हणाल्या, "घट बसले असताना मटणाचं नाव नको काढू बाप्पा." सून रात्रभर रडली. देवी तीच, दिवस तेच. पण दोन्ही घरांची भक्ती निराळी.

अशा फरकांनी संसार मोडतात का? नेदरलँड्समध्ये काल्माइन आणि सहकाऱ्यांनी १९७४ ते १९९४ या काळातली लग्नं तपासली. डच आणि परदेशी जोडीदारांच्या लग्नांत घटस्फोटाचा धोका जास्त निघाला आणि संस्कृती जितकी दूरची, तितका तो वाढत गेला. एवढंच वाचलं तर कुणीही म्हणेल, आपल्यातच केलेलं बरं.

पण २००९ मध्ये झांग आणि व्हॅन हूक यांनी अमेरिकेतल्या २३,१३९ जोडप्यांची माहिती अभ्यासली. वरवर पाहता तिथेही मिश्र, म्हणजे दोन वेगळ्या वंशांच्या जोडीदारांची, लग्नं जास्त मोडत होती. जोडप्यांची बाकीची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर मात्र चित्र बदललं. दोघांपैकी ज्याच्या समाजात मुळातच घटस्फोट जास्त, त्या समाजाइतकाच धोका उरला. दोन समाज एकत्र आले म्हणून वरून काही भर पडल्याचा पुरावा मिळाला नाही.

त्याआधी, २००८ मध्ये, अमेरिकेतच ब्रॅटर आणि किंग यांना दिसलेली गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. गोरी बायको आणि काळा नवरा असेल तर लग्न मोडण्याचा धोका जास्त. गोरा नवरा आणि दुसऱ्या वंशाची बायको असेल तर तो गोऱ्या जोडप्यांइतकाच किंवा कमी. दोघांच्या संस्कृतींमधलं अंतर काही नवरा कोण, बायको कोण यावरून बदलत नाही. बदलते ती लोकांची नजर.

माझं ठाम मत आहे की खरी मेख इथेच आहे. नात्यातल्या लग्नात भांडण झालं की मामा-आत्या धावून येतात, समजूत घालतात. परजातीत, परभाषेत लग्न केलेल्या मुलीला माहेरी ऐकावं लागतं, "आम्ही तेव्हाच सांगितलं होतं." मग ती सांगायचंच सोडून देते. आपल्याकडे तर कागदावर घटस्फोट न होताही बायका वर्षानुवर्षं माहेरी राहतात. नुसते घटस्फोटाचे आकडे मोजून हे कळायचं नाही.

महालातल्या घरी तोडगा नणंदेने काढला. आता सून आठ दिवस उपास धरते, नवमीला दुपारी धंतोलीला जाते आणि संध्याकाळी आंघोळ करून आरतीला उभी राहते. गेल्या वर्षी ती दारात पाऊल टाकते तोच सासूबाईंनी विचारलं, "जेवली ना पोटभर?"